सगळी तोंडं कोरी, एकच भरलेलं

५ फेब्रुवारी २०२५
गावाकडून

सहादेव भावजी,

तुमी फोन उचलत न्हाई म्हून पत्र लिवते. तुमच्याच 'चावडीवारा' पेपराच्या शेवटच्या पानावर बारक्या अक्षरात छापलेलं आस्तं, तक्रार लेखी स्वरूपातच घेतली जाईल. घ्या लेखी. सातवीपर्यंतची शाळा हाय माझी, तवा चुका निघतील. त्या काढून झाल्या की मजकूर बी वाचा.

परवा फोनवर तुमी म्हनलात, "वहिनी, व्यंगचित्रातलं तुमाला काय कळतं?" आन ठिवला फोन. तुमचे दादा गेल्यापास्नं माझ्यावर फोन आपटायची हिंमत कुनाला झाली न्हवती, तवा पयलं तुमचं अभिनंदन.

आता मला काय कळतं ते सांगते. आपल्या ग्रामपंचायतीनं गायरान सोलर कंपनीला द्यायचा ठराव केला, त्याची बातमी तुमी छापलीत. लई बरं केलंत. नगरच्या मोठ्या पेपरवाल्यांना आपल्या गावाची वेस बी ठाऊक न्हाई. पन बातमीच्या वर ते चित्र टाकलंय, त्यात सगळे मेंबर टेबलाभवती बसल्यात, सरपंच आदिनाथ मधी, सगळ्यांचे हात वर. आन सगळ्यांची तोंडं कोरी. नुसती रेघ मारलेली, आत पांढरा कागद. आन कोपऱ्यात आपली लंका, पारधी वस्तीवरली मेंबर. तिचं तोंड तेवढं शाईनं भरून काढलंय. डोळ्यांच्या दोन पांढऱ्या कवड्या, व्हट भाकरीएवढे, केस पिंजारलेले, पाठीला गाठोडं आन गाठोड्यातून लोंबती कोंबडीची मान. खाली लिवलंय, 'गायरान गेलं, चोर कोण?'

भावजी, शाई संपत आली हुती का? म्हून सगळ्यांच्या वाटची एकीलाच दिलीत?

लंका रंगानं माझ्यासारखीच हाय. आन तुमचा सरपंच आदिनाथ, तो अंधारात उभा राहिला तर नुसते दात दिसत्यात. त्याला तुमी चुन्यासारखा केलात. ठराव त्यानं आनला, कंपनीची मान्सं त्याच्या वट्यावर चहा प्याली, आन चित्रात बघनाऱ्याला चोर कोन वाटतंय? गाठोडंवाली. अख्ख्या नगर जिल्ह्यानं पेपर उघडला आन म्हनलं, व्हय की, पारधीच दिसतोय.

तिनं हात वर केला हे खरं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. आदिनाथ म्हनला, "तुमची वस्ती सोडून बाकीचं देतोय, करा हात वर." ठराव वाचून दाखवला न्हाई. तिनं केला हात वर. नंतर कुनीतरी सांगितलं, वस्तीची जागा बी त्यातच हाय. तिचा सासरा त्या गायरानावर मेला, पोरं तिथंच झाली. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो ठराव कायम होनार. तिथं उभं राहून हरकत घ्यायची असं तिचं ठरलं हुतं, मी तिला चार वाक्यं पाठ करून दिली हुती. तुमचा अंक आला आन ती म्हनती, "काकी, मी त्या हापिसाची पायरी चढनार न्हाई. सगळे माझ्या पाठीला गाठोडं बघत्यात."

तर पुढच्या अंकात पयल्या पानावर लिवा, चुकलं म्हून. लई मोठं काम न्हाई. दादांपुढं तुमी हज्जारदा म्हनलाय.

तुमची वहिनी
दगडाबाई

ता. क. हे पत्र माझ्या जावेला, सविताला, दाखवू नका. म्हंजे ती नक्की हुडकून वाचंल, आन घरात कुनीतरी शहान्या मान्सानं वाचल्याचं मला समाधान.

१५ फेब्रुवारी

भावजी,

तुमचा खुलासा वाचला. पयल्या पानावर हुडकला, न्हाई. दुसऱ्यावर न्हाई. शेवटी घावला, दशक्रिया विधीच्या चौकटीखाली आन जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीच्या वर. 'सदर व्यंगचित्रामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत.'

असल्यास. तुमी येकांद्याच्या पायावर फटफटी घातली तर खाली उतरून असंच म्हनाल का, पाय मोडला असल्यास?

कुनाचं काय दुखलं ते ऐका. गेल्या बाजारी लंका मिरजगावला गेली हुती, पोरीला दप्तर घ्यायला. दुकानाच्या काचेवर तुमचं चित्र चिकटवलेलं. तो दुकानदार तिला वळखतो, निवडून आली तवा त्यानंच हार घातला हुता. तो हसत म्हनला, "या मेंबर. जाताना पिशवी तेवढी उघडून दावा." गिऱ्हाइकं हसली. तिनं पिशवी उघडून दावली, भावजी. आत दप्तर आन त्याची पावती. ती मला म्हनली, "काकी, मी उघडायला नको हुती. पन हात आपोआप गेला. माझी आय बी अशीच उघडायची."

हे सांगताना ती रडली बिडली न्हाई, तवा तुमी म्हनाल भावना दुखावल्या नसाव्यात.

आन आता दुसरं. तुमी मला फोनवर काय म्हनला हुता? "चित्रकाराचं स्वातंत्र्य आसतं वहिनी, संपादक त्यात हात घालत न्हाई." मला वाटलं आसंल बाबा, शिकलेल्यांचं काही आसंल. तर काल त्या चित्रकाराचाच फोन आला लंकाला. केदार त्याचं नाव, नगरलाच ऱ्हातो. तो लई पुस्तकी बोलत हुता म्हून लंका फोन घेऊन माझ्याकडं आली आन स्पीकरवर लावला. तो म्हनला, "ताई, मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मी सरांकडे फोटो मागितला होता. सर म्हणाले, फोटोची गरज नाही, पारध्याची बाई आहे, अंदाजानं काढ, गाठोडं घाल म्हणजे लोकांना लगेच कळेल."

मी इचारलं, "सर म्हंजे सहादेव?" तो म्हनला, "हो. तुम्ही कोण?" मी म्हनलं, "त्यांची वहिनी." पोरगं म्हनलं, "तरी हात माझाच होता ताई. मी नाही म्हणू शकलो असतो." त्याला एवढं उमगलं. त्यानं तुमचं नाव घेताना बी सर म्हनलं, एकेरी आलं न्हाई.

म्हंजे हात घालत न्हाई म्हननारा हात तुमचाच हुता. कोपरापर्यंत.

अंदाज कशाचा घेतलात, भावजी? आपलं घर वस्तीपास्नं हाकेवर हाय. ल्हानपनी तिच्या सासऱ्याबरोबर तितरं धरायला तुमी जायचा, घरी येऊन दादांचा मार खायचा. तुमाला अंदाजाची गरज काय? तुमाला तिचं तोंड ठाऊक हाय. नुसतं लोकांना लगेच कळावं म्हून तुमी तिचं तोंड काढून तितं दुसरं बशिवलं.

आता परत लिवा. 'असल्यास' न टाकता. आन पयल्या पानावर, मेलेल्या मान्सांच्या खाली न्हाई.

दगडावहिनी

२२ फेब्रुवारी

भावजी,

काल मी तुमचं तोंड वाचवलं. म्हंजे मी न्हाई, लंकानं. नीट सांगते, कारन गुन्ह्यात माझा बी वाटा हाय.

आपल्या गावातला अंगद ठाऊक हाय ना, मागल्या इलेक्शनला आदिनाथपुढं पडला तो. त्याला लंकाचा पुळका आलाय. चार पोरं घेऊन तो माझ्या दारात आला. म्हनला, "काकू, येत्या रविवारी नगरला तुमच्या दिराचा सत्कार हाय. शाल, नारळ, झालंच तर निर्भीड पत्रकार म्हून पाटी. आमी स्टेजवर जाऊन त्याच्या तोंडाला काळं फासनार. व्हिडिओ काढनार. पारधी समाजाचा आपमान सहन करनार न्हाई."

मी म्हनलं, "तुमच्यात पारधी कोन हाय?" तर एकमेकाकडं बघाय लागले.

पन खरं सांगू, मला गंमत वाटली. तुमी खुर्चीत ऐटीत बसलाय, टक्कल चकाकतंय, आन वरनं काळं वघळ. मी तिथंच हसत सुटले. अंगद म्हनला, शाई इकत आनतो. मी म्हनलं, शाई कशाला, ती धुतल्यावर जाती, मी करून देते. आन बसले की करायला. दिव्यावर ताट धरून काजळी पाडली, एरंडेलात खलली. वाटीभर झालं. असं दाट, तुमाला दाढी दोनदा करावी लागली आसती.

तेवढ्यात लंका आली. अंगदानं तिला बलवून घेतलं हुतं, व्हिडिओत पुढं उभं करायला. तिनं वाटी बघितली.

"काकी, ह्ये कुनासाठी?"

"माझ्या दिरासाठी."

"काय करनार?"

"तोंड काळं करनार."

तिनं बोट बुडवलं, हातावर रेघ वढली. बघत राह्यली. रेघ फारशी दिसतच न्हवती तिच्या हातावर. मंग म्हनली, "म्हंजे त्येला माझ्यावानी करनार. आन मंग त्येला लाज वाटनार, माझ्यावानी दिसला म्हून."

अंगद म्हनला, "आवं ताई, तसं न्हाई, ही पद्धत आस्ती निषेधाची."

ती म्हनली, "त्या पेपरवाल्याची बी पद्धतच हुती."

भावजी, अंगदाचं तोंड बघन्यासारखं झालं. माझं बी झालं आसंल, पन माझ्यापुढं आरसा न्हवता. आख्खी दुपार मी जे तुमाला शिव्या देत खलत हुते ते तेच हुतं की. तुमी शाईनं केलं, मी एरंडेलानं. पयल्या पत्रात मी आदिनाथच्या दाताबद्दल लिवलंय ना, ते खोडून टाका. मला रात्री त्यावरच झोप लागली न्हाई, आन मला झोप न लागनं म्हंजे तुमाला ठाऊक हाय, तुमचे दादा म्हनायचे, हिला म्हशीनं तुडवली तरी कळायचं न्हाई.

वाटी मी उकिरड्यावर वतली. अंगद नाराज झाला. म्हनला, "मंग करायचं तरी काय?" लंका म्हनली, "मी त्येच्याकडं जानार. माझं तोंड त्येच्या पेपरात चुकीचं गेलंय, ते बरोबर करून घेनार."

तवा आमी येतोय. अंगद येनार न्हाई, घाबरू नका. दोन बायका येतील.

वहिनी

१ मार्च

भावजी,

मागच्या दारानं गेलात व्हय.

तुमचं हापिस केडगावला पुणे रोडवर, खाली पंक्चरचं दुकान, वर तुमी. आमी यष्टीनं नगर, तिथनं रिक्षानं केडगाव. जिना चढून आलो तर टेबलावर चहाचा कप, त्यातनं वाफ निघतीया, आन खुर्ची अजून फिरती हाय. लंका म्हनली, "आताच गेलेत." मी म्हनलं, "चहा सोडून माझा दीर उठला म्हंजे लई घाबरला." तुमचा चहा मी प्याले. साखर कमी करा.

केदारला लंकानंच फोन करून बलावलं हुतं. बारीक पोरगं, चष्मा लावलेलं. लंकानं तुमच्या खुर्चीत बैठक मारली आन म्हनली, "बघ नीट. आता काढ."

तो म्हनला, "ताई, चांगलं काढतो. मान वर, मागे सूर्य वगैरे."

ती म्हनली, "मला चांगली कशाला काढतोस? मी काय देवी हाय? मी चुकले त्ये काढ. पन मला काढ."

मंग त्यानं काढायला घेतलं. मी मागं उभी राहून बघत हुते. हनुवटीवरलं गोंदन, तीन ठिपके, ते काढलं. एक भुवई जरा तुटलेली, ल्हानपनी दगड लागलेला, ती काढली. तिचं ते बारकं नाक, राग आला की वर चढतं, ते चढलेलंच काढलं. सगळ्या मेंबरांना सारखीच रेघ, सारखीच शाई, आदिनाथची ढेरी तर अशी काढली की मला त्याच्या बनेनची कीव आली. आदिनाथ टेबलामागनं म्हनतोय, 'हात वर'. आन लंकाचा एक हात वर. दुसऱ्या हातानं ती खाली वाकून तिच्याच पालाची खुटी उपटतीया, तिचं तिलाच कळंना आसं. पाल कलंडलंय.

पोरानं कागद तिच्यापुढं ठिवला. तिनं तो उचलून डोळ्यांपाशी नेला. मला वाटलं, झालं, आता हे फाडायची. केदार म्हनला, "ताई, नको असेल तर..."

ती म्हनली, "ह्ये लागलं."

"बदलू का?"

"न्हाई. पयल्या चित्रात कुनी बी पारधीन चालली आसती. ह्यात मीच पायजे." आन पदरानं तोंड पुसून म्हनली, "छापायला सांग तुझ्या सरांना."

चित्र तुमच्या टेबलावर ठिवलंय, कपाखाली. मूळ हाय, केदारनं त्याचा फोटो बी काढून ठिवलाय, तवा गहाळ झालं म्हनू नका. तुमचा अंक गुरुवारी निघतो, ग्रामपंचायतीची बैठक त्याच्या पुढच्या सोमवारी. लंका म्हनती, पयलं हे छापून येऊ दे, मंग मी जाते. मी म्हनलं, न छापता बी जा. ती म्हनली, "काकी, तुमाला न्हाई कळनार. पयल्याच तोंडानं आत गेले तर त्या तोंडाचंच ऐकत्याल."

मला खरंच कळलं न्हाई पूर्न. पन तिला कळलंय एवढं पुरे.

भावजी, मी तुमच्यावर चिडून चिडून थकले. मला तुमी माफी मागायला नको आता, माफी लई स्वस्त झालीया. तुमी संपादक हाय ना, तर तेवढं काम करा. बघा आन छापा. पयल्यांदा नुसतं छापलंत.

दगडाबाई

१२ मार्च

भावजी,

अंक मिळाला. पयलं पान, वरच्या निम्म्यात, चांगलं मोठं. आन खाली तुमचं चौकटीतलं लिवलेलं बी वाचलं. 'मागील चित्र चित्रकाराचे नव्हे, संपादकाच्या सांगण्यावरून काढलेले होते. ते चुकीचे होते.' एवढंच. त्यात 'सदर' न्हवतं, 'असल्यास' न्हवतं. मी दोनदा वाचलं, कुठं लपिवलंय का बघायला. सविताचा फोन आला हुता, म्हनली, "तीन रात्री नुसते येरझाऱ्या घालत हुते, शेवटी मीच म्हनलं, लिवा न्हाईतर अंगनात झोपा." मला वाटलंच हुतं एवढं सरळ एकट्यानं सुचायचं न्हाई तुमाला.

आता बैठकीचं. लंका गेली. मी खिडकीत उभी हुते, आत बसायचा मला अधिकार न्हाई. आदिनाथ म्हनला, "मागचं इतिवृत्त मंजूर, करा सगळ्यांनी हात वर." सगळ्यांचे हात वर गेले, सवयीनं. लंकाचा बी अर्धा गेला. खरं सांगते, गेला. मंग तिनं तो खाली घेतला आन म्हनली, "पयलं तो ठराव मोठ्यानं वाचा."

आदिनाथ म्हनला, "वाचलेलाच हाय."

"मी ऐकला न्हाई. वाचा."

ग्रामसेवकानं वाचला. गट नंबर आला तसा वस्तीचा बी आला. ती म्हनली, "ह्यावर आमची घरं हायत. माझा हात मागच्या बारीला चुकून वर गेला, ह्या बारीला न्हाई. माझी हरकत लिवा." आदिनाथ तिला काय म्हनला ठाऊक हाय? त्यानं तुमचा नवा अंकच टेबलावर आपटला. "हे बघा, पेपरात आलंय, तुमीच खुटी उपटलीया." ती म्हनली, "व्हय, मीच. म्हून तर परत रोवायला आले."

आनखी दोन मेंबरांनी हात खाली घेतले. ठराव कायम झाला न्हाई, पुढच्या बैठकीवर ढकललाय. आदिनाथ गप बसनार न्हाई, त्याची मला खात्री हाय. अजून काहीच जिंकलं न्हाई. पन ग्रामसेवकानं हरकत लिवली, आन लंकानं त्याच्या खांद्यावरनं वाकून ती लिवताना बघितली.

आता मुद्द्याचं. ती तुमच्यावर चिडलीया. मागं चिडली न्हवती, मागं नुसती गप झाली हुती. आता मातर चिडलीया. बाजारात लोक तिला थांबवून इचारत्यात, "काय मेंबर, हात का वर केला वं? किती जनांची घरं हायत तितं?" पयलं चित्र आलं तवा एकानं बी गायरानाचं इचारलं न्हवतं, सगळे पिशवीच बघत हुते. आता तिला उत्तर द्यावं लागतं. वस्तीवर तर तिच्या जावेनं तिला घरात घेतलं न्हाई दोन दिस. ती माझ्या वट्यावर येऊन बसली आन तुमाला नावं ठेवत राह्यली. मी म्हनलं, "तूच म्हनली हुतीस ना छापा." म्हनली, "म्हनले हुते. म्हून काय मला राग येऊ नये?"

येऊ दे की. मी तिला भाकरी वाढली. मला एवढं बरं वाटलं, भावजी, तिला तुमच्यावर असं चारचौघांसारखं चिडताना बघून.

जाताना तिनं निरोप दिलाय, जसाच्या तसा लिवते. "तुमच्या दिराला लिवा काकी, चित्र खरं हुतं पन आर्धं हुतं. हात वर केला त्यो काढला. खाली घेतला त्यो कोन काढनार?"

पुढची बैठक सात एप्रिलला हाय, सकाळी आकराला.

तुमची वहिनी
दगडाबाई